तुकड्याला मासा नाही

संचालक साहेबांना एक फलक हवा होता. बाटलीनाक डॉल्फिन आणि मेंदू प्रवाळ, साम्य आणि फरक. आमच्या मत्स्यालयात लोक तिकीट काढतात ते या दोघांसाठीच. मासे वाटेत लागतात म्हणून बघितले जातात. तेव्हा साहेबांचं म्हणणं पडलं, की दोघांना एकाच फलकावर घ्यावं, म्हणजे कुणाला कमीजास्त वाटायला नको. कुणाला म्हणजे डॉल्फिनला की प्रवाळाला, हे मी विचारलं नाही. साहेबांना समतोल फार प्रिय. चहात साखर घालावी की नाही, यावरही ते दोन्ही बाजू ऐकून घेतात आणि तोवर चहा गार होतो.

फलक लिहिणं हे माझं काम. साम्य मी पटकन लिहून टाकलं. दोघंही समुद्रातले. दोघंही प्राणी, पण मासे नव्हेत. दोघांनाही लोक भलतंच काहीतरी समजतात. एकाला मासा आणि दुसऱ्याला दगड. आणखी एक साम्य होतं, पण ते फलकावर शोभलं नसतं. या दोघांपायी माझ्या बहिणीचा संसार पंधरवडाभर ठप्प होता.

डॉल्फिन ताईकडे. प्रवाळ दाजींकडे. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, दाजी म्हणजे तिचा नवरा, आणि मी म्हणजे या दोघांमधला निरोप्या.

ताईच्या डॉल्फिनला आम्ही भंगारशेठ म्हणतो. हौदात पडेल ते उचलून काठावर आणून द्यायचं आणि बदल्यात मासा घ्यायचा, हे ताईनं त्याला शिकवलं. कल्पना चांगली होती. लोकांच्या टोप्या पडतात, झाकणं पडतात, ती पोटात जाण्यापेक्षा काठावर आलेली बरी. पण काही दिवसांत भंगारशेठच्या ध्यानात आलं, की टोपी आणली तर एक मासा मिळतो आणि टोपीचे चार तुकडे करून एकेक आणला तर चार मिळतात. त्याला हे कुणीही शिकवलं नव्हतं. ताईला इतका अभिमान वाटला, की ती तुकड्यागणिक मासा देत राहिली.

दाजींचं प्रवाळ म्हणजे आत्याबाई. ट्रकच्या टायरएवढा घुमट, त्यावर मेंदूसारख्या वळ्या. मेंदूचा आकार पूर्ण, मेंदू मात्र अजिबात नाही. हजारो बारके जीव एकमेकांना चिकटून बसलेले, प्रत्येकाला एकच तोंड; खाणं तिथूनच आणि नंतरचं सगळंही तिथूनच. वय आमच्या सगळ्यांच्या वयांची बेरीज करून वर थोडं. ज्या खडकावरून तिला आणलं, तो खडक आता नुसता पांढरा सांगाडा आहे, तिथं तिच्या जातीचं कुणी उरलेलं नाही. आत्याबाई नाव दाजींनीच ठेवलं. बसल्या जागेवरून हलायचं नाही, पण घरातली हवा जरा बदलली की चेहरा पांढराफटक पाडून सगळ्यांना कामाला लावायचं. पाणी दोन अंशांनी तापलेलं राहिलं की प्रवाळ आपल्या अंगात राहणारं हिरवंतपकिरी शेवाळ बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपासमारीनं मरायला लागतं. त्याला फार काळ लागत नाही; थोडं तापलं तर काही दिवस, फार तापलं तर काही तास.

भांडण तापमापकावरून झालं. दाजींकडे एक पितळी तबकडीचा, लाकडी दांड्यावर तरंगणारा तापमापक आहे. त्यांच्या वडिलांनी जहाजावर वापरलेला. दाजी त्याला कधी दूर ठेवत नाहीत. एके दिवशी त्यांनी तो ताईच्या हौदात सोडला. दोन्हीकडचं पाणी समुद्रातून येणाऱ्या एकाच नळाचं, तेव्हा ताईकडचं किती तापतं ते बघावं म्हणून. न विचारता. भंगारशेठनं त्याचे तीन तुकडे केले आणि ताईनं, दाजींच्या डोळ्यांदेखत, त्याला तीन मासे दिले.

"बक्षीस दिलं तिनं त्याला!" दाजी मला म्हणाले.

"माझ्या हौदाची तपासणी करायला आले होते," ताई मला म्हणाली.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. माझ्याशी बोलत होती. एकाच टेबलावर जेवायला बसून ताई म्हणायची, "तुझ्या दाजींना विचार, मीठ हवंय का." दाजी म्हणायचे, "तुझ्या ताईला सांग, आहे तेच पुरे." मी मधे बसून जेवायचो, आणि मीठ कुणीच घेत नसल्यामुळे माझ्यापुढेच राहायचं.

फलकाचा मजकूर मी जुळवत होतो त्या दुपारी दाजी धावत माझ्या खोलीत आले. दाजी कधी धावत नाहीत. प्रवाळाबरोबर काम करणाऱ्याला धावायची सवयच राहत नाही.

"गार पाण्याचं यंत्र बंद पडलंय," ते म्हणाले. "आत्याबाईचं."

"मेकॅनिक?"

"येऊन गेला. आतला पंखा जळलाय. नवा घेऊन संध्याकाळी येतो म्हणाला. संध्याकाळी!" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाहेर केवढं ऊन आहे बघितलंस? वरचे दिवे बंद केले, पाणी हलवतोय, तरी काटा चढतोच आहे. आधीच कालपासून यंत्र कुंथत होतं. संध्याकाळपर्यंत ती पांढरी पडेल रे."

"बर्फ टाकला तर?"

"तुला तापात कुणी बर्फाच्या टबात बसवलं तर?"

आम्ही साहेबांकडे गेलो. साहेबांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "एका बाजूला," ते म्हणाले, "तिला हलवण्यात धोका आहे. दुसऱ्या बाजूला, न हलवण्यात धोका आहे." मग ते थांबले. आम्हाला वाटलं तिसरी बाजू येईल. आली नाही.

"हलवायचं म्हटलं तर कुठे, साहेब?" मी विचारलं.

कुठे, ते तिघांनाही ठाऊक होतं. गार, वाहतं, तिला पुरेल इतकं खोल आणि तिच्याच नळाचं पाणी इमारतीत एकाच ठिकाणी होतं. तिथं भंगारशेठ राहत होता. त्याला हलवायचा शेजारचा छोटा हौद रंगवायला रिकामा केलेला, आणि रंग अजून ओला.

दाजी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर भिंत होती.

"तुझ्या ताईला विचार," ते शेवटी म्हणाले.

ताई हौदाच्या काठावर बादलीत मासे निवडत होती. मी सांगितलं. दाजी माझ्यामागे दोन पावलांवर उभे होते, म्हणजे तिनं ते माझ्याआधीच ऐकलं होतं.

"त्यांना सांग," ताई म्हणाली, "त्यानं त्यांचा तापमापक फोडला तेव्हा त्यांनी महिनाभर पुरेल एवढं तोंड फुगवलं. ती फुटली तर काय करणार आहेत?"

"दाजी, ती विचारते..."

"ऐकलं मी. तिला सांग, तोंड फुगवायला मी शिल्लक राहणार नाही."

हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की ताईनं हातातला मासा बादलीत परत टाकला. पहिल्यांदाच तिनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या गळ्यात तो तापमापक होता. फुटलेले तुकडे सरसानं चिकटवलेले, वर बारीक तारेचे वेढे. गळ्यात मोडका हात बांधावा तसा तो त्यांनी दोरीनं अडकवला होता.

"माझ्या झोळीतून आणा तिला," ताई मला म्हणाली. "आणि माझ्या हौदावर माझं ऐकायचं. सगळ्यांनी. साहेबांनीसुद्धा."

झोळी म्हणजे भंगारशेठला उचलायची. आजारी पडला की त्यात घालून क्रेननं वर काढतात. त्या झोळीत ओल्या टॉवेलांत गुंडाळलेल्या आत्याबाई बसल्या आणि छताच्या रुळावरून तरंगत निघाल्या. खाली दाजी, तोंड वर करून, दोन्ही हात पसरून. ती पडली असती तर दाजींचे हात आणि दाजी असं दोन्ही सपाट झालं असतं. साहेब दाराशी उभे राहून "सावकाश, पण लवकर" म्हणत होते.

झोळी बघताच भंगारशेठ पाण्यातून अर्धा वर आला. त्याला वाटलं डॉक्टर आले. मग त्यानं बघितलं, की झोळीत दुसरंच कुणी आहे. डॉल्फिनचा चेहरा सदा हसरा असतो; जबडाच तसा असतो, त्याला आनंदाशी काही देणंघेणं नसतं. पण त्या क्षणी तो खरोखर हसतोय असं मला वाटलं आणि ते मला आवडलं नाही.

ताईनं त्याला शिट्टीनं लांबच्या कोपऱ्यात बोलावून धरून ठेवलं. क्रेन खाली आली. दाजी छातीभर पाण्यात उतरले, आत्याबाईंना तळाच्या कट्ट्यावर बसवलं, वर जाळी ओढून सावली केली, झोळी सोडवली आणि वर आले. अंगावरून पाणी गळत होतं आणि चेहऱ्यावर मला कितीतरी दिवसांनी रंग दिसत होता.

"गार आहे पाणी," ते म्हणाले. "छान गार आहे. आता इथूनच काटा बघत राहायचं."

"काटा कुठाय?" ताईनं विचारलं. मला नाही. थेट.

दाजींचा हात गळ्याकडे गेला. गळ्यात काही नव्हतं.

आम्ही सगळ्यांनी पाण्यात बघितलं. आत्याबाई कट्ट्यावर बसलेल्या, आणि त्यांच्या बुडाच्या दगडाला दोरीनं बांधलेला, पितळी तबकडी वर करून मंद डुलणारा दाजींचा तापमापक. सवयच ती. दाजींनी गेल्या कित्येक वर्षांत आत्याबाईंना तापमापकाशिवाय एकटं सोडलेलं नव्हतं. हात आपोआप चालले होते.

"अहो," ताई म्हणाली. पंधरवड्यातला पहिला अहो. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्ही तिच्या बुडाशी खाऊ बांधून आलात."

ते सगळ्यांना एकाच वेळी कळलं. दगड भंगारशेठच्या हिशेबात नव्हता. हौदाच्या तळाशी दगड असतातच. पण पितळी, चमकणारी, हलणारी, आधी एकदा तीन मासे देऊन गेलेली वस्तू त्याच्या नक्कीच हिशेबात होती. आणि ती ओढायची तर दोरी ओढायची, दोरी सुटली नाही की दगड हलवायचा, दगडावर जे काही असेल ते मधे आलं की फोडायचं. फोडलं की तुकडे. तुकडे म्हणजे मासे.

"मी उतरतो, सोडवतो," दाजी निघाले.

"उतरायचं नाही!" ताईनं त्यांची ओली बाही पकडली. "तुम्ही पाण्यात गेलात की त्याला वाटतं खेळ सुरू. तुमच्याआधी तो पोचेल. मगाशी मी त्याला धरून होते म्हणून तुम्ही वर तरी आलात."

"मग आताही धर!"

"किती वेळ? बघा."

भंगारशेठ तिच्या शिट्टीला कंटाळला होता. कोपरा सोडून तो संथ फेऱ्या मारू लागला, आणि दर फेरी आत्याबाईंच्या जरा जवळून जात होती. दुकानात शिरून काही नकोच आहे असं दाखवत एकाच कपाटापाशी घुटमळणाऱ्या माणसासारखा.

ताईनं बादली पुढे ओढली. माझ्याकडे, दाजींकडे, साहेबांकडे बघितलं. "नीट ऐका. आजपासून नियम बदलला. अख्खी वस्तू आणली तर दोन मासे. तुकडा आणला तर काही नाही. शून्य. डोळ्यांत बघायचंसुद्धा नाही. त्याला हे आत्ता, आत्ताच्या आत्ता शिकवायचंय. तो तिच्याकडे वळायच्या आत. टाका काहीतरी."

"काय टाकू?"

"तुझी चप्पल टाक, गाढवा!"

मी चप्पल टाकली. ती पाण्यात पडली तसा भंगारशेठ तिच्यावर झेपावला आणि खाली गेला. आम्ही थांबलो. थोड्या वेळानं तो वर आला आणि चपलेचा पुढचा अर्धा भाग ताईच्या पायाशी ठेवला.

ताई भिंतीकडे बघत राहिली. मीही भिंतीकडे बघितलं. त्यानं शेपटी आपटली. ताई भिंतीकडेच. तो खाली गेला, मागचा अर्धा भाग घेऊन आला आणि तोही ठेवला. भिंत. मग त्यानं चप्पल बांधायचा पट्टा वेगळा आणून दाखवला, हिशेबात चूक आपल्याकडून तर नाही ना झाली अशा थाटात. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला त्या हुशारीचा केवढा अभिमान, आणि आता त्याच हुशारीकडे पाठ फिरवायची.

त्यानं तोंड उघडून असा आवाज काढला, की तो ऐकवेना.

"बिचारा," साहेब म्हणाले, आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी बादलीतला एक मासा उचलून पाण्यात टाकला.

"साहेब!"

"नाही, म्हणजे त्याचीही एक बाजू आहे," साहेब पुटपुटले.

भंगारशेठनं मासा गिळला, मान फिरवली आणि आत्याबाईंकडे निघाला. त्याला उत्तर मिळालं होतं. तुकडे अजून थोडे जास्त हवेत, एवढंच.

"दुसरं काहीतरी!" ताई ओरडली. "लवकर! अख्खं, फुटणार नाही असं!"

माझ्याकडे दुसरी चप्पल होती, पण तिचा भविष्यकाळ आता दिसतच होता. दाजींनी साहेबांकडे बघितलं. दाजी अतिशय मवाळ माणूस. त्यांनी मवाळपणेच साहेबांच्या नाकावरचा चष्मा काढला आणि हौदात टाकला.

"अहो, मला दिसत नाही त्याशिवाय!" साहेब म्हणाले.

"बरंच आहे," ताई म्हणाली. "तुम्ही या बादलीवर बसा. झाकणावर. आणि उठायचं नाही. मी सांगेन तेव्हा थोडं सरकायचं."

साहेब चाचपडत बादलीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक बाजू घेतली होती.

चष्मा बुडत असताना त्याच्या काचा उन्हात चमकल्या. भंगारशेठ आत्याबाईंपासून वळला. गेला. चष्म्याभोवती एक गिरकी घेतली, चोचीच्या टोकानं तो उचलला. दांडी वाकवून बघितली. वाकलेली दांडी सोडून दिली, पुन्हा वाकवली, आणि मला वाटतं त्या क्षणी त्याला चप्पल आठवली. एवढी मेहनत करून भिंत मिळाली होती, मासा नव्हे.

तो वर आला. चष्मा अख्खा.

"सरका!" ताई म्हणाली. साहेब सरकले. तिनं दोन मासे काढले, दोन्ही एकदम त्याच्या तोंडात घातले, त्याच्या गालावर हात घासला, "शाब्बास माझा शेठ, शाब्बास!" दाजीही ओरडले "शाब्बास!" मीही ओरडलो. साहेबही ओरडले, त्यांना काय झालं ते दिसलं नव्हतं तरी.

पुन्हा चष्मा टाकला. अख्खा आला. दोन मासे. माझा पट्टा टाकला. त्याचं बक्कल निघून वेगळं आलं. भिंत. तो खाली गेला, उरलेला पट्टा आणला, काठावर ठेवला, चोचीनं बक्कल पट्ट्याजवळ ढकललं आणि वाट बघत राहिला. जोडून दाखवत होता.

"नको ना ग," दाजी हळूच म्हणाले. त्यांना दया आली होती.

"तुम्हीच म्हणाला होता ना, बक्षीस दिलं म्हणून?"

"तेव्हा माझा तापमापक होता."

"आता तुमची आत्याबाई आहे. भिंतीकडे बघा."

दाजी भिंतीकडे बघत राहिले. बायकोच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. दोघांनी इतक्या जवळ उभं राहून एकाच दिशेला बघितल्याला बरेच दिवस झाले होते. मी पट्ट्याशिवाय उभा होतो आणि एका हातानं पँट धरून होतो, त्यामुळे मला फारसं हेलावून जाता आलं नाही.

मग साहेबांच्या खिशातलं पेन गेलं. टोपणासकट आलं. दोन मासे. ताईची शिट्टीची दोरी गेली, अख्खी आली. बादलीतले मासे संपत चालले होते. ताई प्रत्येक वेळी आत बघायची. आत्ताच वितळवलेले एवढेच, बाकी सगळे गोठलेल्या लादीत, हे मला माहीत होतं. आणि आमच्याकडे टाकायला उरलं होतं ते काढल्यावर आम्ही कुणासमोर उभं राहू शकलो नसतो.

अशात भंगारशेठनं वाट बघणं सोडलं. आम्ही पुढचं काही टाकायच्या आत तो स्वतःच शोधायला निघाला. थेट खाली. थेट कट्ट्याकडे.

"ताई..."

"दिसतंय मला."

वरून पाणी हलत होतं, त्यामुळे सगळं तुकड्यातुकड्यांत दिसत होतं. त्याची राखाडी पाठ. आत्याबाईंच्या वळ्या. पितळी चकाकी. त्याची चोच दोरीपाशी गेली. दोरी ताणली गेली, आणि दगडाचा एक कोपरा कट्ट्यावरून उचलला गेल्यासारखा मला दिसला.

दाजी पुढे झुकले. ताईनं शिट्टी ओठांना लावली आणि फुंकली नाही. मी तिच्याकडे बघितलं. "आत्ता बोलावलं," ती पुटपुटली, "तर तो दातात धरूनच येईल. दोरीसकट. दगडासकट."

"मी उडी मारतो," दाजी म्हणाले.

"अहो, नको."

"अगं, ती पडेल!"

"त्याला माहितीये. आत्ता शिकलाय तो." तिनं त्यांचा हात धरला. "माझ्यावर नका ठेवू विश्वास. त्याच्यावर ठेवा. त्याला मासे हवेत, दोन हवेत. तो लबाड आहे हो, मूर्ख नाहीये."

दाजींनी डोळे मिटले. उडी मारली नाही. माझ्या मते त्या दुपारी सगळ्यात अवघड काम कुणी केलं असेल तर ते त्यांनी, आणि ते काम म्हणजे काठावर उभं राहणं.

खाली भंगारशेठनं दोरी सोडली. मागे सरकला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग चोच दगडाखाली घातली. मी माझी पँटही सोडली. एक कट् असा आवाज आला, पाण्यातून येतात तसा, लांबून आणि अगदी कानाशी. खालून गढूळ पाण्याचा एक ढग उठला आणि काही दिसेना.

"काय झालं?" साहेब बादलीवरून विचारत होते. "कुणीतरी सांगा, काय झालं?"

आम्ही सगळे पाण्यावर वाकलो होतो.

मग तो वर आला. आमच्यापुढून ताईला सोडून पुढे गेला आणि दाजींपाशी थांबला. तोंडात तापमापक. लाकडी दांडा, तारेचे वेढे, सरस, तबकडी, सगळं होतं तसं. त्यानं तो दाजींच्या तळहातावर ठेवला, आणि दोरी तोंडात परत धरून तीही ठेवली. काही राहायला नको.

दाजींनी तबकडी बघितली. काटा जिथं हवा तिथं होता. मग त्यांनी बादलीकडे हात केला, साहेब आपणहून सरकले, आणि दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा डॉल्फिनला मासा दिला. एक. मग दुसरा. मासा कसा धरतात ते त्यांना माहीत नव्हतं, शेपटीकडून धरला होता, पण भंगारशेठनं ते चालवून घेतलं.

"आणि कट् कशाचा आला?" दाजी म्हणाले.

त्याचं उत्तर भंगारशेठच घेऊन आला. तो पुन्हा खाली गेला होता. वर आला तेव्हा त्याच्या चोचीत एक करड्या रंगाचा तुकडा होता, मुठीएवढा, एका बाजूनं ताजा फुटलेला.

दाजींनी तो घेतला. दोन्ही हातांत धरला. उलटा केला. नखानं खरवडला. तोंडाजवळ नेऊन वास घेतला. मग काठावर पालथे झोपून त्यांनी डोकं पाण्यात घातलं आणि बराच वेळ तसेच राहिले. ताई त्यांच्या पट्ट्याला मागून धरून उभी होती. पाणी निवळत गेलं तशा वळ्या दिसू लागल्या, एकेक, हिरव्या तपकिरी, जशाच्या तशा.

दाजींनी डोकं वर काढलं.

"दगड आहे," ते म्हणाले. नाकातून पाणी येत होतं. "बुडाच्या दगडाचा नुसता कोपरा, दोरी अडकली होती तो. तिला काही झालेलं नाही. अगं, तिला काहीसुद्धा झालेलं नाही!"

आणि ते हसत, रडत, तो दगड छातीशी धरून, दुसऱ्या हातानं बादलीकडे वळले. समोर भंगारशेठ तोंड उघडून वाट बघत होता. बादलीत शेवटचा मासा होता. दाजींनी तो उचलला.

ताईनं त्यांचं मनगट धरलं.

"तुकडा आहे तो," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"तुकडा."

दाजींनी माशाकडे बघितलं, भंगारशेठकडे बघितलं. मग मासा परत ठेवला, ताईच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि दोघं भिंतीकडे बघू लागले. मेकॅनिक नवा पंखा घेऊन आला तेव्हाही तिथंच बघत होते. तो बिचारा दारात थांबून त्या भिंतीवर काय आहे ते शोधत राहिला.

घरी त्या दिवशी जेवताना ताई म्हणाली, "मीठ हवंय का हो?"

मी सवयीनं तोंड उघडलं.

"तुला नाही विचारलं," दाजी म्हणाले.

फलक मी दुसऱ्या दिवशी पुरा केला. एक क्षणभर गप्प राहत नाही, दुसरं जन्मभर हलत नाही, वगैरे. साहेबांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला. चष्म्याची एक दांडी अजून वाकडी होती. "तुलना छान झालीये," ते म्हणाले, "पण दोघांना एकत्र ठेवलं तर काय होतं, ते राहिलंय."

मी म्हटलं, त्यासाठी मोठा फलक लागेल. आणि नवी चप्पल.